खेळांतलें राज्य आणि लोणावळ्याचा तह

लोणावळ्याला लागून असलेल्या आमच्या तुंगार्लीस पावसाळ्यांत घराबाहेर पडणें कठीण. आषाढ लागला कीं राजमाचीची वाट धुक्यांत नाहींशी होते आणि मुलें संगणकापुढें जाऊन बसतात. माझा पुतण्या महाविद्यालयांत शिकतो. त्यानें दोघां मित्रांच्या साह्यानें मराठ्यांच्या इतिहासावर राज्यकारभाराचा एक खेळ रचावयास घेतला आहे. गेल्या आषाढांत त्यानें तो मला दाखविला. नकाशा सुरेख होता. साताऱ्याच्या नांवाखालीं एक कळ होती. ती दाबली कीं कर जमा होई. दुसरी दाबली कीं फौज उभी राही. तिसरी दाबली कीं कान्होजी आंग्रे हुकुमाबरोबर आरमार घेऊन निघत.

मी म्हटलें, "अरे, कान्होजी इतक्या सहज निघत असते, तर बाळाजी विश्वनाथांना त्यांच्या भेटीस लोणावळ्यास कशाला यावें लागलें असतें?"

तो थोडा खट्टू झाला, मग म्हणाला, "काका, मग खेळांत तें बसवायचें कसें, तें तुम्हींच सांगा."

आजचें भाषण हें त्या प्रश्नाचेंच उत्तर आहे.

अशा खेळांचा प्रसार आज जगभर झाला आहे. स्वीडनमधील पॅराडॉक्स या मंडळीचा 'युरोपा युनिव्हर्सॅलिस' हा खेळ २००० सालीं निघाला. त्याची चौथी आवृत्ति २०१३ सालची. तींत राजाच्या अंगीं कारभार, मुत्सद्देगिरी आणि युद्ध असे तीन गुण कल्पिले आहेत व प्रत्येकास शून्यापासून सहापर्यंत अंक दिला आहे. या अंकांवर राज्याची दरमहाची शक्ति बरीचशी अवलंबून असते. हिशेब सोपा आहे, आणि खेळाला सोपेपणा हवाच. परंतु यांत राज्याचें बळ राजाच्या डोक्यांत सांठविलेलें आहे, असा समज होतो. आमच्या डोंगरांतला इतिहास निराळी साक्ष देतो.

शाहू महाराज १७०७ सालीं मोंगलांच्या कैदेंतून सुटले व पुढील सालीं साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. छत्र आलें, पण सत्ता आली नाहीं. ताराबाईंचा पक्ष पन्हाळ्यास उभा होता, आणि समुद्रावर अंमल गाजविणारे कान्होजी त्या पक्षाचे होते. महाराजांनीं आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठविलें. परिणाम असा झाला कीं पेशवेच कैद झाले, आणि लोहगड व राजमाची हे घाटमाथ्यावरचे किल्ले कान्होजींच्या हातीं गेले. बोरघाट ज्याच्या हातीं, त्याला पुण्याची वाट मोकळी.

मग १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळालें. त्यांनीं लढाईचा मार्ग सोडून बोलणें लाविलें, आणि १७१४ सालीं जो तह ठरला तो लोणावळ्याचा तह म्हणून ओळखला जातो. कान्होजींनीं शाहू महाराजांना धनी मानावें, पेशव्यांना सोडावें आणि राजमाचीखेरीज जिंकलेला मुलूख परत करावा. उलट त्यांना सरखेलपद कायम मिळावें, आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणीं त्यांच्या उत्पन्नासह त्यांच्याकडे राहावींत. असा हा देण्याघेण्याचा व्यवहार झाला.

आतां हा प्रसंग खेळाच्या नियमांत कसा उतरावा? मी पुतण्यास सांगितलें, "तुझ्या नकाशावर सातारा आणि कुलाबा एकाच भगव्या रंगांत आहेत, तें प्रथम बदल. रंग एक असला तरी सत्ता एक नाहीं." खऱ्या राज्यांत आज्ञा आणि आज्ञेचें पालन यांमध्यें एक माणूस उभा असतो. त्याला स्वतःचें उत्पन्न, किल्ले आणि माणसें असतात. म्हणून प्रत्येक सरदारापाशीं तीन गोष्टी लिहिल्या पाहिजेत: धन्यावांचून त्याला किती दिवस निभावतां येईल, धन्यापासून त्याला काय हवें आहे, आणि दुसरा धनी त्याला काय देऊं करीत आहे. या तिहींचा मेळ बसला तर आज्ञा पाळली जाईल. नाहीं तर उत्तरादाखल गोड भाषेचें पत्र तेवढें येईल. 'क्रूसेडर किंग्स' या पॅराडॉक्सच्याच दुसऱ्या खेळांत प्रत्येक मांडलिकाचें राजाविषयीं मत मोजलेलें असतें. ती कल्पना आपल्या इतिहासाला अधिक जवळची आहे.

दुसरा नियम पैशाचा. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथांनीं दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे उत्पन्नाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. खेळांत हें सारें उत्पन्न राजाच्या पेटींत पडतें. प्रत्यक्षांत चौथाईच्या शंभर रुपयांपैकीं बाबती म्हणून पंचवीस राजाचे. सहा रुपये साहोत्रा म्हणून पंत सचिवांचे, आणि तीन नाडगौडा म्हणून राजा ज्याला देईल त्याचे. बाकीचे सहासष्ट रुपये मोकासा म्हणून सरदारांकडे जात. त्यांवर त्यांनीं फौज बाळगावयाची. शिवाय या वांटण्या एकमेकींत अशा गुंतविलेल्या होत्या कीं एकाच मुलुखांत अनेकांचा हिस्सा असे. राज्य मोडलें तर सर्वांचेंच उत्पन्न बुडावें, हें त्यांतलें धोरण. तेव्हां खेळणाऱ्यानें शंभर रुपयांचा मुलूख जिंकला कीं त्याच्या पेटींत पंचवीसच पडावेत. उरलेले कोठें गेले हें त्याला दिसावें, आणि ते परत घेऊं गेल्यास फौजच नाहींशी होते, हेंही कळावें.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आजचा उपाय हा उद्यांचा पायंडा होतो. शिवाजी महाराजांनीं नोकरांना शक्य तों रोख वेतन दिलें. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे निरनिराळे अधिकारी नेमले, म्हणजे एकट्याच्या मनानें किल्ला शत्रूच्या हवालीं होऊं नये. पुढें राजाराम महाराज १६८९ ते १६९८ या काळांत जिंजीकडे असतांना खजिना रिकामा होता, आणि मोंगल बादशहा मराठे सरदारांना वतनांची लालूच दाखवीत होता. तेव्हां छत्रपतींनाही वतनें देऊं करावीं लागलीं. त्यामुळें राज्य तरलें. परंतु दिलेलें वतन परत घेणें कोणालाही सोपें राहिलें नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त वतनदारांविषयीं जी सावधगिरी सांगितली आहे, ती या अनुभवांतून आलेली आहे. खेळांतही असेंच असावें. संकटांत वतन देण्याची कळ सहज दाबतां यावी. मात्र ती पुन्हां उलट फिरवितां येऊं नये.

लोणावळ्याच्या तहाचीही हीच गोष्ट. १७१४ सालीं तो शहाणपणाचा होता, यांत मला शंका वाटत नाहीं. त्यामुळें शाहू महाराजांचें आसन स्थिर झालें. पण आरमार ज्या घराण्याच्या उत्पन्नावर उभें होतें, तें त्या घराण्याचेंच झालें. कान्होजी १७२९ सालीं वारले. पुढें मुलांत कलह माजला, पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचें वांकडें आलें, आणि १७५५ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांशीं हातमिळवणी केली. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाखालीं तुळाजींचें आरमार जळून खाक झालें. बेचाळीस वर्षांपूर्वींच्या तहाला या नाशाचा दोष देणें अन्यायाचें होईल. मधल्या माणसांनीं वेगळें वागणें शक्य होतें. परंतु तहाच्या दिवशीं जी फट राहिली, ती बुजविण्याचें काम पुढें कोणी केलें नाहीं, इतकें खरें. चांगल्या खेळानें अशा फटी लक्षांत ठेवल्या पाहिजेत.

चौथा नियम काळाचा आणि वाटेचा. आमच्याकडचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. चार महिने नद्या उतरूं देत नाहींत, घाट निसरडे होतात, घोड्यांना विश्रांति मिळते. फौज हलत नाहीं, तेव्हां पत्रें हलतात. तह, वांटण्या आणि हिशेब यांचे तेच दिवस. शिवाय बातमी जासुदाच्या पायांनीं येते. म्हणून खेळणाऱ्याला आजचा नकाशा दिसूं नये. त्याला शेवटच्या जासुदानें पाहिलेला नकाशा दिसावा.

इतकें ऐकल्यावर पुतण्यानें रास्त आक्षेप घेतला. "काका, हें सगळें घातलें तर खेळ कोणी खेळणार नाहीं. लोकांना राजा व्हायचें असतें, कारकून नव्हे." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. नियमांची संख्या वाढली म्हणजे खेळ खरा होतो, असें नाहीं. बुद्धिबळांत नियम थोडेच आहेत. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून त्याचे जुने सतरा नियम काढून टाकले आणि हे चार ठेविले. कान्होजींची कळ गेली. तिच्या जागीं एक पत्र आलें, आणि पत्राच्या खालीं प्रश्न: काय द्याल?

दोन दिवसांनीं मला हांक मारून तो म्हणाला, "काका, आज मी राजमाची सोडली. मन होत नव्हतें; पण नाहीं तर पेशवे सुटत नव्हते." त्याच्या आवाजांत हळहळ होती. ज्या पुस्तकांत त्यानें हा तह एका ओळींत वाचला होता, त्यांतून ही हळहळ त्याला मिळाली नव्हती.

श्रोतेहो, मुलांचे खेळ म्हणून आपण या गोष्टीकडे दुर्लक्ष करतों. पण ज्या मुलाला वर्षानुवर्षें कळ दाबतांच प्रजा हलतांना दिसते, तो मोठेपणीं खऱ्या राज्याकडूनही तेंच मागेल. आणि तसें न झालें म्हणजे वाटाघाट करणाऱ्याला दुबळा समजेल. राज्य हें पुष्कळ माणसांच्या संमतीवर चालतें, आणि त्या प्रत्येक संमतीला किंमत असते. ही गोष्ट मुलाला खेळतां खेळतां कळली, तर त्या खेळांत गेलेला पावसाळा वायां गेला असें मी तरी म्हणणार नाहीं.