कृषि-अर्थशास्त्राच्या अध्यापनाचे प्रयोजन

कृषि-अर्थशास्त्राचा विभाग कशासाठी चालवावयाचा, असे विचारले असता, पिकांचे उत्पादन, खर्च व बाजारभाव यांच्या अभ्यासासाठी, असे उत्तर सहज मिळते. ते चूक नाही, अपुरे आहे. बंगालमध्ये १९४१ साली दुष्काळ नव्हता, १९४३ साली लक्षावधी माणसे मेली. आणि तरीही १९४३ चा धान्यपुरवठा १९४१ हून कमी नव्हता, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकडेवारीनिशी मांडले. (या आकड्यांवर पुढे वाद झाला, हेही विद्यार्थ्याने जाणले पाहिजे.) तांदळाचे भाव भडकले, शेतमजुराची मजुरी त्या मानाने वाढली नाही, ज्यांचे हात धान्य पिकविण्यास लागतात त्यांच्याच घरी ते पोहोचेना.

तेव्हा धान्य किती, याच्या जोडीस ते कोणाच्या हाती पडते, हेही विभागाने शिकविले पाहिजे. त्यासाठी घरोघर जावे लागते. हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची अशीच पाहणी करून ती १९१७ साली प्रसिद्ध केली. ते गाव आज पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे. पाहणीची रीत मात्र जुनी झालेली नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. ऊसतोडीसाठी गळीत हंगामभर परगावी राहणाऱ्या कुटुंबास त्यातील किती पदरात पडते, हे शिधापत्रिका मोजून कळणार नाही. असा विषय प्रबंधासाठी घेणाऱ्यास विभागाने प्रवासखर्च द्यावा, आणि फडावर राहण्यास एक पुरा हंगाम द्यावा.