कापसाच्या दिवसांत घरची शाळा : चार लेकरे, चार इयत्ता, एकच ओसरी

दसरा आटोपला की नांदुरा तालुक्यात पऱ्हाटी पांढरी दिसू लागते. शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि पहिल्या वेच्याला हात लागतो. नेमक्या याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. पोराचे नाव विचारले तर गुरुजींना ठरलेले उत्तर मिळते, "मजूर भेटत नाही गुरुजी, कापूस कोन येचन? अन् लहान्याले कोन पायन? म्हनून मोठीले घरी ठेवली."

हे उत्तर खोटे नसते. पण दिवाळीच्या सुट्टीला जोडून घरी राहिलेली मोठी मुलगी संक्रांतीपर्यंत शाळेत जात नाही, आणि मग लाजेने जातच नाही. सातवीतली मुलगी शाळेतून सुटते ती बहुधा अशी सुटते. कोणी तिचे नाव काढलेले नसते. ती फक्त मागे पडते.

यावर उपाय म्हणून घरीच रोज दीड-दोन तास अभ्यास घेता येईल काय, हा प्रश्न आहे. अडचण अशी की घरात एक मूल नसते. एक सातवीत, एक चौथीत, एक दुसरीत आणि एक अंगणवाडीत. आईवडिलांचे शिक्षण बेताचे. प्रत्येकाला वेगळा धडा शिकवायचा तर मास्तर तरी कोठून आणावा?

पण ही अडचण फक्त आपल्या घरची नाही, आपल्या शाळेचीही तीच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुले असतील तर 2 शिक्षक. म्हणजे गावातल्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी दोन-दोन, कधी तीन वर्ग एकाच खोलीत सांभाळतात. एका वर्गाला फळ्यावर शिकवायचे, दुसऱ्याला पाठीवर गणिते द्यायची, तिसऱ्याकडून वाचून घ्यायचे. हीच रीत घरच्या ओसरीवर आणता येते.

कोसबाडचा धडा

आपल्या राज्यात हा प्रश्न फार पूर्वी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे उभा राहिला होता. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. (तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे.) वारली पाड्यांवरची मोठी पोरे गुरे राखायला जात आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी बसत. बाईंनी पोरांना दोष दिला नाही. विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे तान्ह्याला पाळणाघरात ठेवून बहीण शेजारच्या वर्गात बसू शकेल. गुराख्यांसाठी तर शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. तिथे शिकवायला पाने, दगड, बिया आणि गुरे हेच साहित्य होते.

दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातलेच आणि कापसाचेच आहे. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. सेवाग्रामच्या शाळेत टकळी आणि चरखा हे शिक्षणाचे साधन झाले. सूत किती निघाले, किती वजनाच्या पेळूतून निघाले, कापूस कोणत्या जमिनीत येतो, अशा प्रश्नांतून गणित, भूगोल आणि इतिहास शिकवला जाई. 2005 पासून त्याच परिसरात आनंद निकेतन ही शाळा चालते.

ज्या मुलखात कापूस पिकतो त्या मुलखातल्या पोरांना कापसावरून गणित शिकवू नये, हे जरा नवलच म्हटले पाहिजे.

आधी पारख, मग वाटणी

घरच्या शाळेत पहिली चूक होते ती इयत्ता पाहून पुस्तक हाती देण्याची. सातवीतल्या मुलीला भागाकार येतोच असे नाही. प्रथम संस्थेची 'असर' पाहणी 2005 पासून खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन हेच तपासते. मुलाला अक्षर वाचता येते का, शब्द, उतारा, गोष्ट वाचता येते का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. ही पारख घरी अर्ध्या तासात होते. धाकट्याचे पुस्तक मोठ्यापुढे ठेवायचे आणि जिथे अडेल तिथून सुरुवात करायची. गणितात सातवीची मुलगी आणि चौथीचा मुलगा एकाच पायरीवर निघाले तर दोघांना एकत्र बसवावे. मात्र वहीवर इयत्ता लिहू नये आणि "एवढी मोठी झाली तरी येत नाही" हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. पोरीची शाळा त्या एका वाक्याने सुटते.

दुसरी गोष्ट, विषय सगळ्यांना एकच घ्यावा, काम वेगवेगळे द्यावे. समजा आठवडा कापसाचा आहे. अंगणवाडीतल्या लहान्याने स्वच्छ कापूस एकीकडे आणि कवडी दुसरीकडे काढावी. दुसरीतल्या मुलीने दहा बोंडांचे कप्पे मोजावेत, चारचे किती आणि पाचचे किती ते पाटीवर मांडावे. चौथीतल्या मुलाने काट्यावर उभे राहावे. सकाळी 23 किलो, संध्याकाळी 19 किलो, गाठोड्याच्या फडक्याचे वजन वजा, आणि वेचणीचा दर किलोला समजा 10 रुपये असेल तर मजुराचे किती झाले? हा हिशेब त्याने मांडावा आणि मजुरासमोर वाचून दाखवावा. चूक झाली तर मजूर लगेच सांगतो, गुरुजींची गरज पडत नाही.

मोठीसाठी गणित आणखी पुढे जाते. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची एक गाठ 170 किलोची. मग एका गाठीला किती क्विंटल कापूस लागला? उत्तर पाच. आपल्या शेताचा उतारा घेऊन किती गाठी झाल्या हे तिने काढावे. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, घरात बोलतात एकरात. 40 गुंठ्यांचा एकर आणि 100 आरचा हेक्टर, यांची सांगड तिला एकदा बसली तर पुढे तलाठी कार्यालयात बापाला कोणाला विचारावे लागत नाही.

पुढचा आठवडा पाण्याचा घ्यावा. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातल्या घरांना यासाठी वेगळे साहित्य नको. एका ताटलीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, दुसरीत साठवलेले पावसाचे पाणी, दोन्ही उन्हात ठेवायच्या. पाणी आटले की एकीच्या तळाशी पांढरा थर दिसतो. लहाना बोट लावून पाहतो, मधला चित्र काढतो, मोठी चार ओळी लिहिते की हे क्षार आले कोठून आणि पीक का बसते.

वेळ सकाळचीच ठेवावी. दिवसभर शेतात राबलेले मूल रात्री पुस्तकासमोर बसवून काही होत नाही, डुलक्या तेवढ्या मोजाव्यात. पहिली पंधरा मिनिटे सगळ्यांना मिळून गोष्ट. मग ज्याचे त्याचे काम. शेवटी प्रत्येकाने आज काय केले ते सांगायचे. आईला अक्षर येत नाही ही सबब चालू नये. पोराने मोठ्याने वाचावे आणि आईने "मंग काय झालं?" एवढे विचारावे. अडखळत वाचणाऱ्याला गोष्ट समजलीच नसेल तर त्या एका प्रश्नाने कळते.

मोठ्या मुलीबाबत एक सूचना. तिने धाकट्यांना शिकवावे, त्याने तिचेही पक्के होते. पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. नाहीतर स्वयंपाक, लहाना आणि वरून मास्तरकी, असे तिच्याच डोक्यावर येते आणि तिची स्वतःची वही कोरी राहते. तिचा एक तास राखून ठेवणे हे बापाचे काम.

नाव शाळेतच राहू द्या

शहरांत काही कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. त्यांची सोय वेगळी. आपल्याकडे घरचा अभ्यास हा शाळेला जोड म्हणून, बदली म्हणून नव्हे. हजेरीपटावर नाव असले की पाठ्यपुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते आणि पुढे जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी शाळेचाच कागद मागतात. 14 वर्षांखालील मुलाने घरच्या शेतात मदत करावी ती शाळेची वेळ सोडून, असे बालकामगार कायद्यातील 2016 ची दुरुस्ती सांगते.

जे मूल मागेच सुटले आहे त्याच्यासाठीही दार बंद नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 4 प्रमाणे 6 ते 14 वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास वेगळा भरून द्यावा लागतो. मोठ्या पोरांना दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म आहेच.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि मुख्याध्यापकांनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्यावा : वेचणीच्या दिवसांत कोणत्या घरची मुले गैरहजर राहतात, त्यांची यादी, आणि लहान्यांना दिवसभर अंगणवाडीजवळ कोण सांभाळणार. एखाद्या म्हाताऱ्या बाईने समाजमंदिरात पाच-सहा लहानी पाहिली तर तेवढ्याच मोठ्या बहिणी शाळेत जातील. तिला द्यायचे पैसे ज्यांची मुले असतील त्यांनी वेचणीच्या हिशेबातून काढावेत. हा हिशेब चौथीतल्या पोराने मांडला तरी चालेल.

सीतादहीला अजून अवकाश असेल तर यादी आजच करायला घ्यावी. पहिला वेचा सुरू झाल्यावर सभेला कोणी येत नाही.