पाय ठेवायचे कुठे?

अमेरिकेतल्या सरळसोट इंटरस्टेट रस्त्यांवर दिवसभर मोटरसायकल चालवणाऱ्याचे गुडघे लवकर कुरकुरू लागतात. एकाच कोनात दुमडलेला गुडघा आखडतो, पिंढरीतलं रक्ताभिसरणही मंदावतं. हार्ले-डेव्हिडसनच्या इलेक्ट्रा ग्लाइडसारख्या गाड्यांना म्हणून फ्लोअरबोर्ड असतात. या रबर लावलेल्या रुंद पाटीवर पाऊल पुढेमागे सरकवता येतं आणि इंजिनाची थरथरही कमी जाणवते. दुसरी सोय हायवे पेगची, म्हणजे पुढच्या क्रॅश गार्डला बसवलेल्या जादा खुंट्यांची. त्यांवर पाय लांब सोडता येतात.

आराम खुंट्यांवरच जास्त, यात वाद नाही. पण तिथून ब्रेकचं पेडल दूर पडतं. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते. पाय मागे आणण्यात अर्धा सेकंद गेला तरी 14 मीटर गेलेच. शिवाय पाय पसरलेले असताना खड्ड्यात किंचित उठून भार पायांवर घेता येत नाही. दणका थेट मणक्याला बसतो.

पाटीही निर्दोष नाही. वळणावर गाडी कलली की पाटीची कड रस्त्याला घासते. ती बिजागरीवर वर उचलली जाते आणि खरखर ऐकू येते. आता आणखी कलू नका, ही सूचना फुकटात मिळते! त्यानंतर टेकणारे भाग मात्र बिजागरीवर नसतात.

माझं मत विचाराल तर रोजची बैठक पाटीवरच असावी. खुंट्या मोकळ्या, सरळ रस्त्यापुरत्या, आणि त्याही गुडघा थोडा वाकलेला राहील इतक्याच अंतरावर बसवाव्यात.