गाडी तुमची, मग दुरुस्तीची किल्ली कुणाकडे? ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे काय, आज तुमच्या हातात काय आहे?

समजा, तुम्ही पांढरकवड्याहून यवतमाळकडे निघालात आणि वाटेत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी चालते आहे, पण ओढ कमी झाली आहे. ओळखीच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला, कोड वाचला, बिघडलेला पार्टही ओळखला. तरी शेवटी तो म्हणतो, ‘भाऊ, हे शोरूमलाच न्यावं लागेल.’

त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नसेल, तर यवतमाळहून सुमारे ९० किलोमीटरवरचे अमरावती किंवा दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. टोइंगचा खर्च वेगळा. गाडी मालवाहू पिकअप असेल आणि कापसाचा हंगाम सुरू असेल, तर ती उभी राहील तितक्या दिवसांचे भाडेही बुडते.

मिस्त्रीचे हात नेमके कुठे अडतात?

स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असते, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, बिघाडाचे कोड साठवतो आणि ते या पोर्टमधून वाचता येतात. बरेचसे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात. त्यामुळे साध्या स्कॅनरवर किंवा मोबाइलला जोडता येणाऱ्या स्वस्त उपकरणावरही ते दिसतात.

अडचण त्यापुढे सुरू होते. अनेक डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. नवी चावी गाडीला ‘ओळखायला’ लावायची तर सुरक्षा पिन लागते. एअरबॅग, एबीएस यांचे अनेक कोड कंपनीचे स्वतःचे असतात. ही कामे करणारे सॉफ्टवेअर प्रामुख्याने अधिकृत सेंटरकडे असते. म्हणजे पार्ट आणि कसब दोन्ही हाताशी असूनही काम अडते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर गाड्यांतले सेन्सर वाढले. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरनाही जानेवारी २०२३ पासून कडक प्रदूषण निकष लागू झाले. त्यामुळे हा प्रश्न आता शेतातही पोहोचला आहे.

हे चुकीचे आहे, असे कुणी म्हटले आहे का?

हो, आणि ते दहा वर्षांपूर्वीच. शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. सुरुवातीला तीन कंपन्यांविरुद्ध असलेली चौकशी पुढे इतर कारकंपन्यांपर्यंतही वाढली. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याचा ठपका ठेवत आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कारकंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

त्या आदेशातला एक मुद्दा प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवा. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष दुरुस्तीमुळे नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे आयोगाने म्हटले.

कंपन्यांनी सुरक्षितता, चोरीचा धोका आणि बौद्धिक संपदा ही कारणे पुढे केली. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन कंपन्यांच्या प्रकरणात ठपका कायम ठेवला, दंड मात्र बराच कमी केला. न्यायालयीन लढाई त्यानंतरही सुरू राहिली.

मग कायदा आहे का?

‘दुरुस्तीचा हक्क’ देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. त्यावर कंपन्या दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती देतात. पण कंपनीने गॅरेजला सॉफ्टवेअर द्यावे, अशी सक्ती त्यातून होत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र २०१२ मध्येच डीलरला मिळणारी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही देणे बंधनकारक केले. तेथील मतदारांनी २०२० मध्ये ते गाडीतून वायरलेसने जाणाऱ्या डेटापर्यंत वाढवले. युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून डेटा कायदा लागू आहे. जोडलेल्या उपकरणांतून, म्हणजे गाडीतूनही, तयार होणारा डेटा वापरकर्त्याला मागता येतो आणि आपल्या पसंतीच्या गॅरेजला द्यायला सांगता येतो.

गाडीचा डेटा कुणाचा?

सिमकार्ड बसवलेल्या नव्या ‘कनेक्टेड’ गाड्या ठिकाण, वेग, बिघाडाचे कोड अशी माहिती कंपनीच्या सर्व्हरला पाठवू शकतात. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कंपनीकडे आपली कोणती वैयक्तिक माहिती आहे आणि ती कुणाला दिली, हे त्यानंतर विचारता येईल. मात्र हा कायदा दुरुस्तीची माहिती मिळवून देत नाही.

आज तुम्ही काय करू शकता?

• वॉरंटी पुस्तिका वाचा. बाहेरच्या दुरुस्तीबद्दल नेमके काय लिहिले आहे ते पाहा.
• बाहेर काम केले तर पक्के बिल, पार्टचे नाव आणि तारीख जपा. जुना पार्ट मागून घ्या.
• सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. बाहेरच्या कामाने नेमके कोणते नुकसान झाले, तेही विचारा.
• राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.
• तरीही प्रश्न सुटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच दावा करता येतो. म्हणजे कंपनी पुण्याची असो की चेन्नईची, दावा यवतमाळला चालतो. मुदत दोन वर्षांची आहे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी किंवा एअरबॅग अशी कामे प्रशिक्षण नसलेल्या हातात देऊ नका. त्यात जिवाला धोका असतो. म्हणूनच कंपन्यांच्या माहितीबरोबर गावातल्या मिस्त्रीला प्रशिक्षणही मिळायला हवे. तोवर इंजेक्टरच्या एका कोडसाठी गाडी नागपूरला ओढत न्यावी लागणार आणि त्याचा खर्च मालकाच्याच खिशातून जाणार.