प्रोटॉनच्या स्पिनचा हिशेब

प्रोटॉनचा स्पिन हरवला, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. तो हरवलेला नाही. त्याचं मूल्य अर्धा आहे आणि त्याबद्दल वाद कधी नव्हताच. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या युरोपियन म्युऑन गटाने १९८८ मध्ये दाखवलं ते वेगळं होतं. या अर्ध्यात प्रोटॉनमधल्या क्वार्कांच्या स्पिनचा वाटा इतका थोडा निघाला, की मोजमापातली अनिश्चितता धरल्यास तो शून्यही असू शकला असता. पेच होता तो वाटणीचा.

स्पिन म्हणजे भोवऱ्यासारखं गरगरणं नव्हे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ही वाटणी मोजायची तर प्रोटॉनांचे स्पिन एका दिशेला वळवावे लागतात, आणि मोठा चुंबक लावला की ते मुकाट वळतात, हा समज टिकून आहे. २.५ टेस्लाचं क्षेत्र आणि केवल शून्याच्या एकच अंश वरचं तापमान असलं, तरी प्रोटॉनांचं ध्रुवीकरण, म्हणजे स्पिन एका दिशेला वळण्याचं प्रमाण, जेमतेम पाव टक्का होतं. इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व त्यांच्या सुमारे ६६० पट, त्यामुळे तिथेच त्याचं ध्रुवीकरण नव्वद टक्क्यांपुढे जातं. म्हणून गोठवलेल्या अमोनियात किरणोत्साराने एकटे इलेक्ट्रॉन निर्माण करतात आणि सूक्ष्मलहरींच्या मदतीने त्यांचं ध्रुवीकरण प्रोटॉनांकडे वळवतात. लहरींची वारंवारता किंचित बदलली, की चुंबकाला हात न लावता दिशा उलटते!

हा अमोनिया म्हणजे म्युऑनांचा झोत ज्यावर सोडायचा ते लक्ष्य. पण एवढं करूनही ते सगळं कामाचं नसतं. अमोनियाच्या रेणूतल्या १७ न्यूक्लिऑनांपैकी, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांपैकी, १४ नायट्रोजनमध्ये अडकलेले. उपयोगाचे प्रोटॉन तीनच.

शोधयंत्राला स्पिन दिसतो, हाही गैरसमजच. यंत्र फक्त मोजतं: झोत आणि लक्ष्य यांचे स्पिन समांतर असताना किती म्युऑन विखुरले, विरुद्ध असताना किती. या दोन संख्यांच्या फरकाला बेरजेने भागायचं. म्युऑन पायॉनच्या क्षयातून जन्मतानाच ध्रुवित असतात, ही निसर्गाची मेहेरबानी. पण झोत ८० टक्के ध्रुवित, लक्ष्य ८५ टक्के, त्यात १७ पैकी तीनच प्रोटॉन कामाचे. यांचा गुणाकार जेमतेम १२ टक्के. म्हणजे मुळात १० टक्के असलेला फरक हाती येतो तो १.२ टक्का, आणि तेवढा तर यंत्राच्या किंवा झोताच्या चढउतारातही बुडेल. यावर उपाय असा, की लक्ष्याचे उलट दिशांनी ध्रुवित केलेले भाग एकामागे एक ठेवायचे, एकच झोत सगळ्यांतून न्यायचा आणि अधूनमधून त्यांच्या दिशा अदलाबदल करायच्या. या प्रयोगांतलं खरं कसब मला इथे दिसतं. टक्कर घडवणं त्यामानाने सोपं.

पुढच्या मोजमापांत क्वार्कांचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर स्थिरावला. क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑनही भार उचलतात, हे अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमधल्या ध्रुवित प्रोटॉनांच्या टकरींतून दिसलं. उरलेलं खातं क्वार्क-ग्लुऑनांच्या कक्षीय गतीचं. ध्रुवित इलेक्ट्रॉन आणि ध्रुवित प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राची तयारी ब्रुकहेवनमध्येच चालू आहे.