जुन्या ध्वनिभुजांचा जीर्णोद्धार : भूमिती, घर्षण आणि पुरावा

जुन्या ग्रामोफोन यंत्रांचा संग्राहक बहुधा कर्ण्याच्या आकाराने किंवा पेटीच्या लाकडाने मोहित होतो. ध्वनिभुजा, म्हणजे जिला टोन-आर्म म्हणतात ती दांडी, त्याच्या नजरेत उशिरा भरते. वस्तुतः ध्वनिमुद्रिका नीट वाजते की झिजते, हे पुष्कळ अंशी या भुजेवरच ठरते. यास्तव जुनी भुजा पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे ती केवळ चकचकीत करणे नव्हे. निर्मात्याने तिच्यात सोडविलेले गणित पुन्हा खरे करून दाखविणे होय. हे विधान स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. एल्ड्रिज जॉन्सन याच्या व्हिक्टर कंपनीने १९०३ मध्ये निमुळती, पोकळ भुजा प्रचारात आणली. ध्वनी खरोखरच तिच्यातून कर्ण्याकडे जात असे. पुढे विद्युत्‌ग्राहक आल्यावर ध्वनीचे हे वहन संपले. नाव मात्र राहिले. आता भुजेचे काम एवढेच की, ग्राहकास योग्य जागी धरावे आणि स्वतः निःशब्द राहावे. हे काम दिसते तितके सोपे नाही.

पहिली अडचण भूमितीची आहे. मूळ तबकडी कापणारी सुई सरळ त्रिज्येवरून सरकते. उलट, खुंटीभोवती फिरणारी भुजा वर्तुळाचा कंस काढते. त्यामुळे ग्राहकाचा अक्ष खाचेच्या स्पर्शरेषेशी सर्वत्र जुळत नाही व ध्वनीत विकृती येते. पर्सी विल्सन याने १९२४ मध्ये ‘द ग्रामोफोन’ मासिकातून या प्रश्नाची चर्चा केली. लोफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांनी विकृती किमान कशी राखावी, याचे गणित मांडले. खुंटीपासून सुईच्या टोकापर्यंत २३० मिलिमीटर अंतर असेल, तर ग्राहक सुमारे २४ अंशांनी आत वळलेला असावा आणि सुईचे टोक तबकडीच्या मध्यबिंदूपलीकडे सुमारे १८ मिलिमीटर पोहोचावे. असे केल्यास ६६ व १२१ मिलिमीटर त्रिज्यांवर कोनदोष शून्य होतो व इतरत्र तो अल्प राहतो. जुनी भुजा नव्या फळीवर बसविताना दोनतीन मिलिमीटरांची चूक सहज होते. तिचा परिणाम विशेषतः आतील खाचांवर जाणवतो. कारण तेथे त्याच स्वराची तरंगलांबी आखूड झालेली असते.

दुसरी अडचण घर्षणाची. येथे एसएमई या इंग्लिश संस्थेच्या भुजांचे उदाहरण बोधप्रद आहे. ॲलॅस्टर रॉबर्टसन-ऐकमन याने १९४६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने १९५९ पासून ३००९ आणि ३०१२ या भुजा काढल्या. त्यांची लांबी स्थूलमानाने अनुक्रमे ९ व १२ इंच होती. रसायनशाळेतील तराजूची दांडी जशी सुरीच्या धारेवर तोललेली असते, तशीच ही भुजा उभ्या दिशेने हलण्यासाठी धारेवर टेकलेली असते. अशी भुजा प्रतिभार न काढता पाठविली, तर धक्क्याने धारेस इजा होण्याचा संभव असतो. शिवाय या भुजेच्या पुढील आवृत्तीत मागील टोक रबराने जोडलेले असे; कालांतराने हे रबर निबर होऊन प्रतिभार खाली झुकतो. झुकलेली शेपटी हे दोषाचे पहिले दृश्य लक्षण होय, आणि रबर बदलणे हाच त्यावर उपाय.

तिसरा प्रश्न वस्तुमानाचा. भुजा व ग्राहक यांचे परिणामी वस्तुमान आणि सुईची लवचिकता यांचे एक अनुस्पंदन असते. एकूण वस्तुमान १८ ग्रॅम व लवचिकता दर मिलिन्यूटनास २० मायक्रोमीटर असल्यास त्याची कंप्रता सेकंदास सुमारे ८.४ आवर्तने येते. ही समाधानकारक आहे. कारण ती श्राव्य मर्यादेच्या खाली, परंतु वाकड्या तबकडीच्या हेलकाव्यांच्या वर राहते. हेच वस्तुमान ३० ग्रॅम व लवचिकता ३० धरल्यास कंप्रता ५.३ वर उतरते आणि तबकडी थोडी जरी वाकडी असली, तरी भुजा डोलू लागते. म्हणून जड भुजेस मऊ सुईचा ग्राहक जोडणे, ही दोन्ही वस्तू निर्दोष असूनही चूकच ठरते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. काहीही सैल करण्यापूर्वी छायाचित्रे व मापे घ्यावीत. धारव्यातील गोठलेले वंगण सौम्य द्रावकाने काढावे. पेच मात्र अधिक आवळू नयेत, कारण गोळ्यांच्या दाबाने धारव्याच्या पृष्ठभागावर खळगे पडतात. जस्ताच्या मिश्रधातूचे जुने ओतीव भाग, त्यांत शिशाची भेसळ असल्यास, फुगतात व तडकतात. ते बळाने उघडू नयेत. बदललेली तार व जुने रबर टाकून न देता नावनिशीवार जपून ठेवावे. निर्मात्याने काय योजिले होते, याचा तो पुरावा होय. अखेरीस सुईवरील भार शून्य करून भुजा समतोल करावी. हलक्या फुंकरीने ती सरकली व कोठेही न अडखळता थांबली, तर घर्षण आटोक्यात आले असे समजावे.

एवढी काळजी कशासाठी? ज्याच्या संग्रही बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या लाखेच्या तबकड्या आहेत, त्यास याचे उत्तर सांगावयास नको. या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ०.०७ मिलिमीटर त्रिज्येचे टोक लागते, तर दीर्घवादन तबकडीस ०.०२५ मिलिमीटर पुरते. वर उल्लेखिलेल्या भुजांसारखे डोके सुटे होत असेल, तर दोन ग्राहक दोन डोक्यांत बसवून ही अडचण दूर करता येते. परंतु टोक योग्य असूनही भुजा अडखळत असेल, तर प्रत्येक वादनागणिक खाचेची एक भिंत अधिक घासली जाते. भुजा पुन्हा दुरुस्त करता येईल. झिजून गेलेला स्वर मात्र परत मिळावयाचा नाही. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपले काम याच मापाने तोलून पाहावे.