लोगो सरळ बसतो तो फ्रेममध्ये

तुयेत आमच्या घराच्या पडवीत भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन आहे. एका डोक्याचं, बारा सुयांचं. गावात औद्योगिक वसाहत, मांद्रे-हरमलच्या बाजूला हॉटेलं आणि जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातच मोपाचा विमानतळ. त्यामुळे माझ्याकडे येणारं बहुतेक काम छातीवरच्या लोगोचं. मधूनमधून शाळेच्या गणवेशाचे खिसे, लग्नातल्या ब्लाउजच्या पाठी, आणि चतुर्थीच्या तोंडावर भजनी मंडळांचे कुर्ते.

कपडे द्यायला आलेली माणसं मशीनसमोर उभी राहून बघतात आणि हमखास म्हणतात, "हे तर सगळं मशीनच करतं." टाके मशीन घालतं, हे खरंच. पण ते कुठे पडायचे हे फ्रेम ठरवते, आणि फ्रेम हातानेच लावावी लागते.

यामागचं तत्त्व फार जुनं आहे. १८२८ मध्ये फ्रान्समधल्या म्युलूझच्या जोसुए हाइलमान यांनी भरतकामाचं यंत्र बनवलं. त्यात सुया फक्त पुढे-मागे जायच्या. नक्षी उमटायची ती ताणलेलं कापड सरकवल्यामुळे. कारागीर एका दांड्याने मोठ्या चित्रावरून फिरायचा आणि कापडाची चौकट त्याच्या मागोमाग हलायची. पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोबली यांनी शटलचं 'शिफली' यंत्र आणलं. आज दांड्याच्या जागी मोटर आली, तरी सुई जागच्या जागी वरखाली होते आणि फ्रेम हिंडते. म्हणून कापड फ्रेममध्ये तिरकं बसलं असेल, तर मशीन आठ हजार टाके इमानेइतबारे तिरकेच घालतं.

तिरकं म्हणजे किती? नऊ सेंटिमीटर रुंदीचा लोगो तीन अंशांनी कलला, तर त्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ पाच मिलिमीटर वर जातं. सहा फुटांवरूनही ते डोळ्याला खुपतं. आणि उसवायचं म्हटलं तर पॉपलिनवर सुईची भोकं राहतात. कापड गिऱ्हाइकाचं, त्याच रंगाचं दुसरं मिळेलच असं नाही. दोन वर्षांपूर्वी एक मंडळ बाहेरून भरून आणलेले कुर्ते घेऊन आलं होतं. लोगो जवळजवळ काखेत. चतुर्थीला चार दिवस. तिथे माझ्याकडेही इलाज नव्हता. त्यांनी उपरणी घेऊन वेळ मारून नेली.

असं होतं, कारण शर्ट टेबलावर सपाट पडलेला असतो आणि माणूस सपाट नसतो. टेबलावर मधोमध दिसणारी जागा अंगावर बाजूला वळते. धंद्यातलं सर्वसाधारण माप असं: खांद्याच्या शिवणीपासून खाली सात ते नऊ इंच, छातीच्या मध्यरेषेपासून डावीकडे चार ते सहा इंच. लहान मापाला सात, डबल एक्सएलला नऊच्या आसपास. कॉलरवाल्या टी-शर्टला बटणपट्टीच्या खालच्या टोकाची पातळी धरली तर सहसा चुकत नाही. पण माप ही फक्त सुरुवात. मी खऱ्या आकाराचा लोगो कागदावर छापते, त्यावर उभी-आडवी रेघ मारते आणि एक कपडा कुणाच्या तरी अंगावर चढवून तो कागद चिकटवून बघते. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "बाय, मातशें वयर घे." बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं.

कपडा घालून माणूस काय करणार, हेही विचारावं. भजनी मंडळी मांडी घालून बसतात. पोटावर कुर्ता गोळा होतो, पखवाजवाल्याच्या मांडीवर पखवाज येतो. त्यांच्यासाठी मी एखादा इंच वर सरकते. हॉटेलात छातीपर्यंतचा एप्रन असेल तर शर्टावरचा लोगो दिसणारच नाही. तो एप्रनवरच घ्यावा. कारखान्यातल्यांच्या गळ्यात ओळखपत्र लोंबतं, म्हणून मध्यरेषेच्या फार जवळ नको.

खूण केल्यावर कपडा सरळ धरायचा तो कशाच्या आधाराने? खालची कड आणि इस्त्रीची घडी, दोन्हींवर माझा विश्वास नाही. होजिअरीच्या टी-शर्टची बाजूची शिवण एका धुण्यातच पुढे वळलेली असते. त्यापेक्षा विणीची उभी रेघ बघावी, पॉपलिनला उभा धागा. सगळ्यात निर्दय म्हणजे चौकडी. आपल्या कुणबी साडीच्या लाल चौकडीचं कापड हल्ली कुर्त्यांना, पिशव्यांना वापरतात. वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा लोकांपुढे आणली, त्यानंतर तिची हौस वाढली. त्यावर काम करताना टेप बाजूला ठेवून चौकडीची रेघच धरावी, कारण बघणाऱ्याचा डोळाही तीच धरतो.

फ्रेम लावताना नवशिक्यांचा हात हमखास टी-शर्ट ताणतो. ताणून भरलेलं होजिअरी फ्रेममधून सुटलं की मूळ जागी येतं आणि लोगोभोवती चुण्या पडतात. ताण खालच्या पेपरला द्यायचा, कापड त्यावर नुसतं सपाट. होजिअरीला कात्रीने कापायचा पेपर, पॉपलिनला फाडून निघणारा. स्क्रू आधीच बेताचा सैल करून ठेवावा. नक्षी मावेल तेवढीच लहान फ्रेम घ्यावी. मखमल फ्रेममध्ये दाबूच नये, रिंगेचा वळ जात नाही. पेपर फ्रेममध्ये लावून मखमल त्यावर चिकटवावी आणि कडेने कच्चा टाका घालावा. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची खूण धुण्याआधी इस्त्री केली तर पक्की होऊ शकते, हे ब्लाउजवाल्यांनी खास लक्षात ठेवावं.

बटण दाबण्यापूर्वी फ्रेमखाली हात फिरवते. पाठ किंवा बाही खाली अडकली असेल तर पुढचं-मागचं एकत्र शिवलं जातं. मग सुई वर ठेवून मशीनला नक्षीच्या कडेने एक रिकामी फेरी मारायला लावते. पावसाळ्यात एक काम वाढतं: टॉवेलवर घालायचा, पाण्यात विरघळणारा प्लास्टिकसारखा पडदा आपल्या दमट हवेत चिकट होतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवते.

कुर्त्यांसाठी मी सुताराकडून प्लायची फळी करून घेतली आहे. वर खांदे टेकायला पट्टी, खाली मापागणिक पेन्सिलीच्या रेघा. कुर्ता फळीवर चढवला की फ्रेम प्रत्येक वेळी त्याच जागी बसते. फ्रेमी दोन असल्या की एक मशीनवर असताना दुसरी लावून होते. आठ हजार टाक्यांना मिनिटाला साडेसातशेच्या वेगाने अकराएक मिनिटं लागतात. चोवीस कुर्ते म्हणजे साडेचार तास, मध्ये वीज गेली नाही तर.

तेव्हा यंदा कुर्ते द्यायचे असतील तर सुती कापड आधी एकदा धुऊन आणा, म्हणजे आटायचं ते आटून जाईल. गठ्ठे मापाप्रमाणे वेगळे बांधा. आणि त्यातला एक कुर्ता ज्याचा आहे त्यालाही सोबत घेऊन या.